परातीतले तांदूळ

घाटकोपरच्या एका शाळेत रविवारी सकाळी लांबचं बघायला शिकवतात, असं नंदाने सांगितलं तेव्हा मालनला आधी वाटलं, टीव्ही दुरुस्तीचा वर्ग असेल. शहाऐंशी साल होतं. भांडुपच्या त्यांच्या चाळीत नुकते दोन टीव्ही आले होते आणि दोन्ही बहुतेक वेळ बिघडलेलेच असायचे. नंदा साकीनाक्याच्या कारखान्यात मालनच्या शेजारी बसून विजेची बटणं खोक्यात भरायची.

"टीव्ही नाय गं!" ती म्हणाली. "डोळे मिटून बघायचं. एक माणूस कुठेतरी जाऊन उभा राहतो आणि बाकीचे वर्गात बसून तो काय बघतोय ते कागदावर काढतात. इंग्लिशमध्ये रिमोट व्ह्यूइंग म्हणतात त्याला. फुकट आहे, चल ना!"

फुकट म्हणजे नंदाला पुरे होतं. मालन गेली ती वेगळ्याच कारणाने. तिला लांबचं काही बघायचं नव्हतं. तिला घरातल्या खाटेवर पडलेल्या नवऱ्याच्या आत बघायचं होतं.

जयवंत गिरणी सुटल्यावर एका गोदामावर वॉचमन होता. गणपती झाले आणि त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुळात तो बोलका नव्हताच. इतक्या वर्षांच्या संसारात बायको नवी साडी नेसून समोर उभी राहिली तरी ह्या गृहस्थाची मान कधी ताटातून वर झाली नव्हती. आता तर नजर छताला लागली होती ती लागलेलीच. त्याला काही कळतंय असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मात्र एक सांगितलं होतं. परातीत तांदूळ पसरायचे आणि डावा हात त्यात ठेवायचा, बोटं हलती राहतात. तेवढं मालन नेमाने करायची. घराबाहेर पडताना त्याला खाटेवरच भिंतीला टेकवून बसवायची, मांडीवर परात द्यायची. शेजारच्या शांताबाई अधूनमधून डोकावायच्या. संध्याकाळी आल्यावर ती परात उचलायची, तांदूळ निवडायची आणि धुऊन शिजत टाकायची. दोघांचं घर, व्यायामासाठी वेगळे तांदूळ कोण आणणार!

पोरंबाळं नव्हती. कणकवलीकडून धाकट्या दिराने, दशरथने, निरोप पाठवला होता की शिमगा झाला की येतो आणि दादाला गावी नेतो. दशरथ वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. गावी घर होतं, अंगण होतं, उठवायला-बसवायला दोन तरणे मुलगे होते. मालनला नोकरी सोडून चालणार नव्हतं, तिच्याच पगारावर औषधं चालली होती. म्हणजे तो तिकडे, ती इकडे. त्याला काही कळतच नसेल तर कुणाच्या हातून पेज खाल्ली ह्याने त्याला काय फरक पडणार? पण कळत असेल तर? मग ज्याला नाही म्हणता येत नाही, अशा माणसाला ती उचलून गाडीत घालणार होती. बटणं खोक्यात भरतानाही ती हाच एक प्रश्न उलटसुलट करत राहायची.

वर्ग मधुकर सर घ्यायचे. महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवणारे, उंच, खांद्याला झोळी. सातवीच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली मोठी माणसं बघून मालनला पहिल्या दिवशी हसू आलं. सरांनी फळ्यावर एकच नियम लिहिला होता: नाव घेऊ नका.

"डोळे मिटल्यावर काहीतरी गोल दिसलं की तुम्ही लगेच म्हणता, चाक! संपलं," सर म्हणाले. "मग चाकच दिसत राहतं. गोल दिसलं तर गोल काढा. गार वाटलं तर गार लिहा. रेघ आली तर रेघ. तिला हसू नका, पुसू नका. रेघेलाही काहीतरी म्हणायचं असतं."

"नाव न घेण्यात आमच्या मालनताईंचा हात कोण धरणार!" नंदा म्हणाली. "लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव घेतलं नाय त्यांनी." सगळा वर्ग हसला आणि मालनने पदराने तोंड झाकलं.

पण नाव न घेता बघणं काही तिला जमेना. तिचे कागद बघण्यासारखे असायचे. दर वेळी कुठलंसं देऊळ काढायची आणि जाणारा माणूस असायचा बस डेपोत. एकदा मात्र वर्गातल्या गुणाजी नावाच्या बँकेतल्या शिपायाने कागदभर पायऱ्या काढल्या, वरून खाली येणाऱ्या, आणि पायऱ्यांवर ठिपकेच ठिपके. बाहेर गेलेला माणूस परत आला आणि म्हणाला, टेकडीवरून उतरणाऱ्या झोपडपट्टीतल्या जिन्यावर उभा होतो, लग्नाची वरात खाली येत होती, अक्षता उडत होत्या. सगळे गुणाजीच्या कागदाभोवती गोळा झाले. मालनच्या अंगावर सरसरून काटा आला. म्हणजे हे असतं! माणसाच्या डोळ्यांना दिसतं त्यापलीकडे खरंच काही असतं!

वर्ग सुटल्यावर तिने सरांना गाठलं आणि नवऱ्याचं सगळं सांगितलं. "घरी सराव केला तर मला ह्यांच्या आतलं दिसेल का हो?"

"करा," सर म्हणाले. "पण घरी एक घोळ होतो, बाई. वर्गात चूक दाखवायला चार माणसं असतात. घरी आपल्याला जे हवंय तेच दिसतं."

तसंच झालं. रोज दिवेलागणीला ती खाटेसमोर बसायची आणि डोळे मिटायची. कधी दिसायचं, तो हसतोय. कधी दिसायचं, तो ओळख विसरलाय. जसं तिचं मन, तसं चित्र. डोळे उघडले की समोर तोच चेहरा आणि छताला लागलेली नजर. शेवटी वैतागून ती उठायची आणि परात रिकामी करायला घ्यायची.

शिमगा झाला. येत्या रविवारी पोचतो असं दशरथने कळवलं. त्याच रविवारी सरांनी बाहेर जाण्यासाठी मालनची चिठ्ठी काढली.

बंद पाकिटात जागा लिहिलेली असायची. रस्त्यात उघडायची, तिथे जायचं आणि नुसतं बघत उभं राहायचं. "कुणाला काही दाखवायला जाऊ नका," सरांनी बजावलं. "तुमचं काम बघायचं. दिसायचं तर वर्गाला दिसेल."

पाकिटात लिहिलं होतं: मिठागर.

भांडुपला इतकी वर्षं काढली, पण रेल्वेच्या पूर्वेला एवढं आत ती कधी गेलीच नव्हती. घरं संपली, पायवाट आली आणि त्या वाटेवरच तिच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल हातात घेऊन ती एका अनवाणी पायाने बांधावर चढली आणि थबकली.

समोर पाण्याचे चौकोनच चौकोन होते. पार खाडीपर्यंत. प्रत्येक चौकोनात आभाळ उतरलेलं, आणि बांधांवर ओळीने मिठाचे पांढरेशुभ्र ढीग. उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एक माणूस लांब दांड्याचं फळकूट घेऊन पाण्यातून मीठ ओढत होता आणि त्याच्या मागे मीठ आपोआप उगवावं तसं उजळत होतं. आपण रोज चिमूटभर आमटीत टाकतो ते हे! मालन तोंडात बोट घालून बघत राहिली.

आणि सरांनी बजावलेलं सगळं ती साफ विसरली. तिला वर्ग आठवला नाही, नंदा आठवली नाही. तिला आठवला खाटेवरचा माणूस, ज्याने कित्येक महिन्यांत छतापलीकडे काही बघितलं नव्हतं. मनातल्या मनात ती त्याच्याशी बोलायलाच लागली. 'अहो, बघा ना! मीठ आहे. एवढं सगळं मीठ. आपल्या दारात होतं आणि आपण कधी आलोच नाही. आणि बघा, माझी चप्पल तुटली. आता ह्या खड्यांवरून कशी येऊ सांगा!'

भानावर आली तेव्हा वेळ संपत आला होता. रुमालाची चिंधी फाडून तिने चप्पल पायाला बांधली आणि अपराध्यासारखी घाटकोपरला गेली.

वर्गात कुणालाच काही दिसलं नव्हतं. कुणी बाजार काढला होता, कुणी जहाज, गुणाजीचा कागद तर कोराच. "होतं असं," सर म्हणाले. मालनने कबूल केलं, "सर, माझंच चुकलं. मी वर्गासाठी बघितलंच नाही. सगळा वेळ घरी ह्यांनाच दाखवत बसले." सर हसले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग आता लवकर घरी जा."

ती घरी पोचली तेव्हा दशरथ आलेला होता. दारात त्याची पिशवी, खिशातून डोकावणारी एसटीची तिकिटं. शांताबाई उंबऱ्यात उभ्या राहून कुरकुरत होत्या. "आज काय झालं होतं गं ह्यांना? सकाळपासून त्या परातीत हात. चहा दिला तर कप ढकलून दिला. मी म्हटलं, खेळू दे."

"वयनी, तुमका वाईट वाटता ता माका समाजता," दशरथ मऊपणाने म्हणाला. "पण दादाक आता काय कळता? उद्या सकाळची गाडी आसा." असं म्हणत, वहिनीच्या कामाला हात लावावा म्हणून, त्याने बिचाऱ्याने परात उचलली आणि तांदळाच्या डब्याकडे वळला.

मालनची नजर परातीवर गेली.

"भावजी, हात लावू नका! खाली ठेवा! आहे तशी खाली ठेवा!"

तिचा असला आवाज चाळीत कुणी ऐकला नव्हता. दशरथने परात जमिनीवर ठेवली. मालन समोर बसली.

एरवी तिने काय केलं असतं? इकडेतिकडे झालेले तांदूळ म्हणून एका झटक्यात सारखे केले असते. पण आता कानात सर बोलत होते, पुसू नका, नाव घेऊ नका, आहे तेवढं बघा. तिने तेवढंच बघितलं. बोटाने ओढलेल्या आडव्या रेघा. उभ्या रेघा. मध्ये चौकोन, चौकोनाला लागून चौकोन. रेघांवर चिमटीचिमटीने रचलेले तांदळाचे ढीग, पांढरे, टोकदार, ओळीने.

"ह्या काय, वयनी?" दशरथने विचारलं.

"मिठागर," ती म्हणाली. "मी आज सकाळी तिथं उभी होते. कुणालाच माहीत नव्हतं. मलासुद्धा रस्त्यात पाकीट उघडेपर्यंत माहीत नव्हतं."

दशरथला ह्यातलं काही उमगलं नाही. "तांदळाचे ढीग तर पोरंय करतत," तो हळूच म्हणाला. पण मालन ऐकत नव्हती. परातीच्या कडेला, तिच्या बाजूला, दोन लांबट खुणा होत्या. दोन पावलं. उजव्या पावलावर एक आडवी रेघ होती, चपलेच्या पट्ट्यासारखी. डावं पाऊल नुसतंच होतं.

तिने साडीच्या निऱ्या जराशा उचलल्या आणि डावा पाय पुढे धरला. चपलेचा तुटका अंगठा, घाईत सोडायची राहिलेली रुमालाची चिंधी, मिठाने पांढरी पडलेली टाच. दशरथने पायाकडे बघितलं, परातीकडे बघितलं, पुन्हा पायाकडे बघितलं. मग तो खाली बसला आणि त्याने परातीला, देवाला जोडतात तसे, हात जोडले.

मालनच्या डोळ्यांपुढे सगळ्या संध्याकाळी उभ्या राहिल्या. परातीतले ते वेडेवाकडे तांदूळ, जे तिने रोज न बघता धुतले होते. साकीनाक्याची बटणं असतील त्यात. घाटकोपरचे बाक असतील. बसच्या रांगेत तिष्ठत उभी असलेली ती स्वतः असेल. तो रोज तिच्यामागून हिंडला होता, आणि त्याने बघितलेलं सगळं तिने रोज शिजवून त्यालाच भरवलं होतं. ताटातून मान वर न करणारा माणूस! तिला रडूही आलं आणि हसूही आलं. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे काय करायचं असतं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही आला होतात ना?"

जयवंतची नजर छतावरून निघाली. सावकाश उतरत भिंतीवर आली, मग तिच्या तोंडावर आली आणि तिथेच थांबली. डावा हात खाटेवरून खाली लोंबला, चाचपडला. मालनने परात उचलून त्याच्या हाताखाली धरली. त्याचं बोट ढिगांना न लागता, चौकोन न मोडता कडेकडेने गेलं, डाव्या पावलाशी पोचलं आणि त्याने त्यावर एक आडवी रेघ ओढली. हळूच, तिला खडे टोचू नयेत म्हणून.

शांताबाई डोळे पुसत होत्या. दशरथने खिशातली तिकिटं काढली, घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी सारली.

"पण वयनी," तो म्हणाला, "घरातले तांदूळ एवढेच ना? मगे आज जेवूक काय?"

भाताशिवाय ज्याचं पान हलत नाही असा तो कोकणातला माणूस. मालनने परात कोपऱ्यात, वारा लागणार नाही अशी ठेवली.

"पाव आणा, भावजी," ती म्हणाली. "आणि येताना चांभार दिसला तर बसवून ठेवा. ह्यांना माझी काळजी लागलीय."