काका पुन्हा गेले

काका शनिवारी दुपारी गेले, तेव्हा माझी भाची त्यांच्या उशाशीच होती. काका म्हणजे आमच्या मेडिकल कॉलेजातला सरावाचा रबरी पुतळा. त्याला नाडी आहे, श्वास आहे, आणि शेजारच्या खोलीतून आमचा तंत्रज्ञ त्याच्या वतीने कण्हतोही. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाने नोकरीवर रुजू होण्याआधी काकांना एकट्याने सांभाळायचं आणि मी काचेआडून बघायचं, अशी आमची पद्धत. मी हो म्हटल्याशिवाय कुणाला वॉर्डात पाठवत नाहीत.

भाची सोमवारी रुजू होणार होती. तिच्या बाबांचं, म्हणजे माझ्या दादाचं, ते गावभर सांगूनही झालं होतं.

त्या दिवशीचा प्रसंग असा: काकांच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, रक्तदाब घसरतोय, नाडी पळतेय. पोरीने लगेच ओळखलं. आत रक्तस्राव होतोय, असं मोठ्याने म्हणालीही. सलाइन लावलं, ऑक्सिजन लावला, रक्त मागवलं. सगळं बिनचूक. फक्त टेबलावरचा फोन उचलून सर्जनला बोलावलं नाही. पोट पुन्हा उघडायचं तर सर्जनच हवा, हे शेंबडं पोरही सांगेल. ही मात्र एकटीच खिंड लढवत बसली.

पोरांनी धीर सोडू नये म्हणून एरवी तंत्रज्ञ काकांना वाचवतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. पडद्यावरची रेघ सरळ झाली.

ती काकांची छाती दाबत राहिली. मी आत जाऊन "पुरे" म्हटलं, तरी थांबेना.

"फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"करणारच होते."

"कधी? काकांना पोचवून आल्यावर?"

मला भयंकर राग आला होता. पुतळ्यासाठी कोण रडतं? पण सोमवारी त्या खाटेवर कुणाचा तरी खरा काका असणार होता.

ती हात पुसत म्हणाली, "आत्या, इतकी वर्षं 'येत नाही' म्हटलं की तुम्ही लोकांनी मार्क कापलेत. आणि फोनवर सर्जन तूच होतेस ना? म्हणाली असतीस, एवढंही जमत नाही?"

"म्हटलं असतं. चांगलं झापलं असतं. आणि धावत आले असते."

"सगळे येतात?"

मला उत्तर माहीत होतं, हीच तर पंचाईत होती. ती जिथे जाणार होती तिथला सर्जन मी ओळखून होते. हाताला गुण असलेला माणूस, पण ज्युनिअरचा फोन आला की खेकसायचा आणि ठेवून द्यायचा. भाचीला त्याच्या हाताखाली पाठवायची वेळ आली तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं. लोकांची लेकरं तर मी पाठवतच होते.

"नाही," मी म्हणाले. "सगळे येत नाहीत."

"मग परत करू. न येणाऱ्या सर्जनसारखं कर." तिने काकांची चादर सारखी केली.

या वेळी रक्तदाब घसरताच तिने फोन लावला. मी आवाज जाड करून म्हणाले, "आत्ता? जेवतोय मी. सलाइन चालू ठेव." आणि ठेवून दिला. तंत्रज्ञ माझ्याकडे बघतच राहिला.

तिने पुन्हा लावला. मी उचलला नाही. काचेपलीकडे तिचा एक हात काकांच्या मनगटावर होता, चेहरा पांढराफटक पडला होता. माझा हात सारखा फोनकडे जायला लागला, तेव्हा मी तो मांडीखाली दाबून बसले.

तिने रिसीव्हर खाली ठेवला. संपलं, मला वाटलं, खचली पोरगी. तेवढ्यात तिने दार उघडलं आणि कॉरिडॉरमध्ये जीव खाऊन ओरडली, "कुणीतरी या! माझ्या एकटीच्याने होत नाहीये!"

वर्गात कायम पहिली येणारी, नाकावर माशी बसू न देणारी आमची पोरगी. ऑफिसातले दोन कारकून धावत आले, सफाईवाल्या बाई आल्या, शेजारच्या वर्गातले सर हातातल्या खडूसकट आले. खाटेवर पुतळा बघूनही कुणी हसलं नाही.

"सर्जन फोन उचलत नाहीत," ती त्यांना म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

मी तिला सोमवारी जा म्हटलं. दादाला फोन करून सांगितलं, पोरगी तयार आहे. ते खोटं नव्हतं. आमच्याकडे तिच्या हाकेला चौघं धावून आली, हेही सांगितलं. तिकडे कोण येईल, ते त्याने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.