हाकेला ओ

“मॅडम, तुमच्या कम्प्युटरमंधून कोनी बुढा हाका मारून राह्यला,” रोहणा गावच्या शाळेतले अंकुश सर फोनवर सांगत होते. “म्हणते, ‘अपेक्षा, ऐकून राह्यली का? चहा ठंडा होऊन राह्यला.’ कोन हाय हा?”

अपेक्षानं हाक लगेच ओळखली. ती तिच्या बाबांची होती, आणि सिंदीत किराणा दुकान चालवणारे तिचे बाबा, ताराचंदजी, उन्हाळ्यातच वारले होते.

२००९ साल होतं. वर्ध्याच्या एका संस्थेसाठी अपेक्षा घरी बसून कम्प्युटरच्या पोटात दुसरा कम्प्युटर मांडायची. त्यात मराठी टायपिंग, गणित, चित्रकला असं सगळं बसवून तो अख्खाच डीव्हीडीत भरायचा आणि शाळांना पाठवायचा. जिथे उघडेल तिथे तो तसाच्या तसा उभा राहतो. म्हणून पाठवण्याआधी आपला पसारा काढायचा असतो.

तिनं नाव, फोटो, पासवर्ड सगळं पुसलं होतं. राहिली ती हाक. हाका मारूनही पोरगी कामावरून उठत नाही, म्हणून बाबांनीच हौसेनं माइकवर बोलून ती आतलं मशीन सुरू होताना वाजेल अशी लावून घेतली होती. तरी अपेक्षानं कधी ओ दिली नाही. ते गेल्यावर तिला ती ऐकवेना आणि पुसवेनाही. तिनं स्पीकरची वायरच उपटली, आणि मुक्या मशीनमध्ये हाक आहे हे विसरून गेली. बाकी शाळांत स्पीकरच नव्हते, म्हणून तिथून कुणाचा फोन आला नाही.

संस्थेच्या साहेबांनी बोल बोल बोलून नवी डीव्हीडी करायला लावली. बैल गेला नि झोपा केला. ती घेऊन अपेक्षा रोहण्याला आली तेव्हा पोरं मशीनपुढे बसलेली होती.

“ह्या आपल्या अपेक्षा मॅडम,” सरांनी सांगितलं आणि बटणं दाबायला लावली.

मशीनं जुनी, एकेक मागेपुढे सुरू होणारी. आधी खिडकीपाशी बाबा बोलले, मग दाराशी, मग तिच्या पाठीमागे. “अपेक्षा, ऐकून राह्यली का?” दर हाकेला पोरं सुरात ओरडत होती, “आली, बाबा!”

“रोजचंच हाय त्यायचं,” सर हसले. “राहू द्या ना मॅडम.”

“नाई सर. साहेबांनी बदलाले सांगितलं.”

जुनी डीव्हीडी घरी नेता येणार होती. पण बाबांना इतक्या जणांनी ओ देणं पुन्हा होणार नव्हतं, आणि त्याचंच तिला फार वाईट वाटलं.

कोपऱ्यातलं मशीन सगळ्यांत शेवटी जागं झालं. “अपेक्षा, ऐकून राह्यली का? चहा ठंडा होऊन राह्यला.” या वेळी पोरं ओरडली नाहीत. ही तीच अपेक्षा हे आता ओळखून ती तिच्याकडे पाहत राहिली.

“आली, बाबा,” अपेक्षा म्हणाली, आणि तिनं नवी डीव्हीडी आत सरकवली.