हिरव्यात गुलाबी

वैजनाथने जीपच्या रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. बोटाला बुळबुळीत, मातकट लगदा.

"मावशी, हे काय हाय?"

"मला काय इचारतो? मेकॅनिक तू हायस का मी?"

आधीच माझं डोकं तापलेलं होतं. रविवारी नगरहून उपासना आटोपून येताना जीपने विळद घाटात वाफा सोडल्या. चांगलं लुगडं नेसून दोन तास मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि राहुरीचा जो तो काच खाली करून विचारत होता, काय झालं मेरीबाई.

"हिच्यात हिरवं कूलंट हुतं, म्याच आनून दिल्तं," वैजनाथ बोट पुसत म्हणाला. "त्यात कुनीतरी गुलाबी वतलंय. दोन्हीचं जमत न्हाई. एका जागी आलं का असा चिखल हुतो, जाळी चोंदती."

"माझ्या दोन जावांवानी," मी म्हटलं.

माझा मुलगा जोसेफ हसला नाही. तो केडगावहून रजा टाकून आला होता आणि हाताची घडी घालून बापाकडे बघत होता. आमचे हे, म्हणजे शांतवन, खुर्चीवर फडकं घेऊन बसले होते.

ह्यांनी एकतीस वर्षं दवाखान्याची जीप चालवली. अडलेल्या बाया किती वेळेवर पोचवल्या, त्याची गणती नाही. निवृत्त झाल्यावर दवाखान्याने लिलावात काढलेली तीच जीप घेतली. आमच्या विहिरीचं पाणी खारं, डाळ शिजायला तास घेते; ते पाणी ह्यांनी रेडिएटरला कधी दाखवलं नाही. सायकल हाणत जाऊन दुकानातून बॅटरीचं पाणी आणतील, पण विहिरीचं नाही. असा माणूस.

आणि असा माणूस दिवाळीनंतर एकदा जीप बाजारात ठेवून पायी घरी आला. जीप कुठे आहे विचारलं तर म्हणाला, कोनती जीप? नाताळात जोसेफने ह्यांच्या तोंडावर सांगितलं, "आता आणखी एक काही झालं, की किल्ली माझ्याकडे आणि जीप भंगारात." त्यानंतर दोन दिवस हे जेवले नव्हते.

गुलाबी डबा बुधवारी ह्यांनीच ओतला होता. मी दारातून बघितलं आणि गप्प राहिले. चौथी शिकलेल्या बाईने एकतीस वर्षांच्या ड्रायव्हरला काय शिकवायचं?

"पप्पा, तुम्ही ओतलंत का?" जोसेफने बहिऱ्याला विचारावं तसं मोठ्याने विचारलं.

"म्या? गुलाबी म्या कशाला वतीन? हिला हिरवं लागतं." हे खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

जोसेफने खुंटीवरच्या किल्लीकडे हात नेला.

"मी वतलं," मी म्हणाले.

आमटी खारट झाली हेसुद्धा मी ह्या घरात कधी कबूल केलेलं नाही.

"आई, तू?"

"व्हय, मी. तुझ्या गाडीचा निम्मा डबा पडवीत पडला हुता. नवी गाडी घ्यायची अक्कल हाय, डबा माघारी न्यायची न्हाई. पानी कमी दिसलं, वतलं."

वैजनाथने जीपच्या जड बोनेटकडे बघितलं, मग माझ्या उंचीकडे बघितलं. आणि खालचा कॉक सोडायला जीपखाली शिरला. बाप शहाणा नव्हता त्याचा, हा बरा निघाला.

हे मात्र ताडकन उठले. "ड्रायव्हरच्या घरात जल्म गेला तुझा. कळत न्हाई तर हात कशाला लावती? इंजिन बसलं असतं म्हंजी?" लग्न होऊन बेचाळीस वर्षं झाली, चार माणसांत ह्यांनी मला असं कधी झापलं नव्हतं. मी दात आवळून मान खाली घातली. जोसेफने खुंटीवरचा हात काढला.

लगदा घमेल्यात काढला. "कुत्रं बांध आधी," हे मला म्हणाले, "गोड लागतं ते, चाटलं का मरतंय." चार वेळा पाणी फिरवलं, तेव्हा कुठे नितळ आलं.

"आता गुलाबीच भरा," जोसेफ म्हणाला. "पाच वर्षं बघावं लागत नाही."

"ती तुमच्या गाडीची गोष्ट, दादा," वैजनाथ म्हणाला. "हिची जुनी पितळी जाळी. हिला हिरवंच."

"ह्याला कळतं," हे म्हणाले.

जोसेफ निघाला. "आई, तू परत हात लावायचा नाही."

"न्हाई लावत, बाबा."

भरायला मात्र ह्यांनी वैजनाथला हात लावू दिला नाही. नरसाळं लावलं, थेंब न सांडता हिरवा डबा रिकामा केला. आणि थांबले. रिकाम्या डब्याकडे बघितलं, नरसाळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पिशवीत पाने भरणारा वैजनाथचा हात जागीच राहिला.

मी पदराला हात पुसत जवळ गेले.

"अहो, मला अडाणी बाईला कळत न्हाई. आता निम्मं बॅटरीचं पानी घालायचं असतं का?"

"मंग काय रॉकेल घालत्यात?" हे खेकसले. "आन हिकडं."

मी बूच काढून कॅन त्यांच्या हातात दिला. त्यानंतर झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं असतं. तोही प्रश्न मी तयार ठेवला.