माझा शेवट चुलीत गेला, बरं झालं

मी पुस्तक बोलतोय. त्यातही फसलेलं. आधीच सांगितलेलं बरं, मागाहून शिव्या नकोत.

माझ्या पाठीवर छापलंय, 'वाचाल तर झोप उडेल.' मला छातीवर ठेवून किती जण घोरले, ते मला विचारा.

आम्हा नॉर्वेकरांची एक खोड आहे. ईस्टर आला की माणसं संत्री, चॉकलेट आणि एक खून पिशवीत घालून डोंगरातल्या लाकडी खोपटात जाऊन बसतात. खून पुस्तकातला. त्या गिऱ्हाइकासाठी मला घाईघाईने जन्माला घातलं. माझ्यात दोन बहिणी आहेत. धाकटी बेटावरच्या एका बुवाच्या पंथात शिरते, थोरली तिला सोडवायला जाते आणि बुवाचा मुडदा पडतो. इथवर मी बरा आहे, खोटं कशाला बोलू. पण ईस्टर तोंडावर आला आणि लेखकाचा धीर सुटला. चारशे पानं ज्याचं नाव नाही, असा बुवाचा जुळा भाऊ शेवटी होडीतून उतरतो आणि म्हणतो, मीच मारला. झालं, संपलं.

पहिल्या मालकाने शेवट वाचून मला भिंतीवर मारलं. नंतर त्याने मला डुगडुगत्या टेबलाखाली घातलं. तिथे निदान माझा उपयोग होता. पुढे शाळेच्या बँडला पैसे जमवायला जुन्या सामानाचा बाजार भरला, तिथून गुडवेग नावाच्या म्हातारीने मला उचललं.

गुडवेगचा खुबा गेलेला, पण जीभ धडधाकट. दर ईस्टरला ती आणि तिची धाकटी बहीण ओस्लाऊग बापाच्या खोपटात जायच्या. थोरलीने मोठ्याने वाचायचं, धाकटीने ऐकायचं, आणि शेवटचं प्रकरण उघडायच्या आधी खुनी ओळखायचा. गुडवेग कधी चुकली नव्हती, आणि ते ती कुणाला विसरू देत नव्हती.

यंदा मामला निराळा होता. गुडवेगचा मुलगा स्टाइनार तिला वृद्धाश्रमात घालायला निघाला होता. आई विसरायला लागली, असं त्याचं म्हणणं. तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं की, या ईस्टरला खुनी ओळखला तर घर सोडणार नाही, आणि चुकले तर मुकाट्याने सही करीन. शब्दाची पक्की बाई. केली असती सही.

मला घाम फुटला. कागदाला फुटतो तेवढा.

गुडवेगने खणखणीत वाचलं. शेवटचं प्रकरण आलं तसं मला मिटलं आणि निकाल दिला. "थोरली बहीण. तिनेच मारला. वाचवायला निघालेली माणसं फार धोक्याची असतात." लेखकाला हे सुचलं असतं तर मी भिंतीवर आपटलो नसतो. मग शेवट उद्या वाचू म्हणाली.

सकाळी ती बाहेर भिंतीला पाठ लावून उन्हात बसली. ओस्लाऊगला दम निघेना. चुलीपाशी उभी राहून, चष्मा चढवून तिने माझा शेवट वाचला. आधी लाल झाली, मग पांढरी. जुळा भाऊ! तिने पुन्हा वाचलं, म्हणून काय तो बदलतो? मग खिडकीतून बहिणीच्या पाठमोऱ्या टोपीकडे पाहिलं, माझी शेवटची पानं ओरबाडली आणि चुलीत कोंबली.

दुखलं. पण लाज जळताना इतकं हलकं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

गुडवेग आत आली तर मी शेपूट तुटलेला. ओस्लाऊग म्हणाली, चूल पेटेना म्हणून नजरचुकीने गेली पानं, पण जाता जाता मी वाचली. "तू म्हणालीस तेच. थोरलीच निघाली."

गुडवेगने टोपली पाहिली. बर्च झाडाच्या सुक्या सालीने काठोकाठ भरलेली. चूल पेटवायला त्याहून चांगलं काही नाही. मग बहिणीचा चष्मा पाहिला, चुलीच्या कडेवर राहिलेला.

"ओस्लाऊग, उभ्या जन्मात तू मला एकदा तरी बरोबर म्हणालीस का गं?"

ओस्लाऊग संत्रं सोलायला लागली.

"मग चुकले मी," गुडवेग म्हणाली. "थोरली नाही, धाकटी. बोल, किती भिकार होता शेवट?"

ओस्लाऊगने सांगितला. जुळ्या भावावर गुडवेग इतकी हसली की खुबा धरून बाकावर बसली. म्हणाली, यात ओळखायचं काय होतं, हा तर दगाच. पण खरी गुन्हेगार पकडली, म्हणजे पैज मीच जिंकले. ओस्लाऊगने सोललेलं संत्रं तिच्या हातात दिलं.

सामान न्यायला स्टाइनार बर्फावरची गाडी घेऊन आला. त्याने पहिलं तेच विचारलं, सापडला का खुनी?

"सापडली," गुडवेग म्हणाली. "तुझी मावशी."

पोराने मान खाली घातली. बिचाऱ्याला वाटलं, आईचं डोकं गेलंच, आता सही घ्यावीच लागणार.

"खरं आहे रे," ओस्लाऊग म्हणाली. "मीच जाळला."

त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग दोघींनी मिळून त्याला सगळं सांगितलं, एकमेकींचं वाक्य तोडत तोडत. पोरगा अखेर बोलला ते एवढंच की, आई, तुझ्याशी वाद घालणाऱ्यानेच आश्रमात जावं. तिला त्याने घरी पोचवलं. तिच्याच घरी.

मी इथेच राहिलो, खोपटातल्या फळीवर, मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी. पाहुणे येतात, वाचतात, शेवट नाही म्हणून बोंबलतात, आणि मग जेवता जेवता आपापला शेवट रचतात. त्यातला एकही माझ्या लेखकाच्या शेवटाइतका भिकार नसतो. आता मला कुणी फेकत नाही.

एकच मागणं आहे. माझा एखादा धडधाकट भाऊबंद तुमच्या हाती लागला, तर होडी किनाऱ्याला लागायच्या आधी थांबा. पुढची पानं सरळ फाडा. त्याला काय वाटेल याची काळजी करू नका, मी सांगतोय ना.