माझ्या पोटातला आकडा

मी बोलतोय, इस्पितळाच्या तळघरातून. मेनफ्रेम नावाच्या कपाटाएवढ्या कॉम्प्युटरात राहणारा एक जुना प्रोग्राम. रोज सकाळी फाइलमधल्या रुग्णांच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक वॉर्डाच्या औषधांच्या चिठ्ठ्या छापायच्या, हे माझं काम.

मला लिहिलं एका हसऱ्या काकांनी. माणूस हुशार, पण भारी घाईचा. फाइलमधली नोंद किती लांब असेल, तो आकडा त्यांनी थेट माझ्या पोटातच लिहून टाकला. "बदलतंय कोण?" म्हणाले आणि चहाला गेले. मलाही त्याचा केवढा तोरा! नोंद एका अक्षराने जरी लांब आली, तरी फाइल उघडायचीच नाही, हा माझा बाणा.

त्यामुळे सगळे मला दबकून असत. कुणाला कुठलं औषध चालत नाही, हे लिहायला जागाच नव्हती. मग नर्स ते पत्त्याच्या शेवटी कोंबायच्या: 'लाल फाटक, दुसरा मजला, पेनिसिलिन नको.' पत्ता लांबला की शेवटचे शब्द गळायचे. एक आजी त्यापायी मरता मरता वाचल्या.

तेव्हा मेट्रनबाईंनी भांडून फाइलमध्ये वेगळा रकाना करून घेतला. नोंदी लांबल्या, पण माझ्या पोटातला आकडा बदलायला कुणी फिरकलंच नाही. सकाळी मी अडून बसलो. एकही चिठ्ठी निघेना, वॉर्डात औषधं खोळंबली.

इस्पितळाचे साहेब वैतागले. "तो रकाना काढा. होतं तसं करा."

"आणि परत पत्त्यात लिहू?" मेट्रनबाई कडाडल्या. "चिठ्ठ्या हातानं लिहीन, साहेब, पण रकाना राहणार!"

साहेब नव्या प्रोग्रामरबाईंकडे वळले. "मग नवा आकडा घाला आणि मोकळ्या व्हा."

"उद्या आणखी एक रकाना आला की पुन्हा हेच रडगाणं. फाइलची लांबी फाइलजवळ नोंदलेली असते, साहेब. या प्रोग्रामनं ती नुसती विचारायची," बाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्या पोटातला आकडा काढला आणि नव्या रकान्याला चिठ्ठीवर जागा दिली. खरं सांगतो, मला भीती वाटली. आता माझ्यात उरलं काय? पण फाइलला विचारलं, तिनं सांगितलं, आणि ती उघडली! इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

आता कितीही रकाने येऊ देत, मी अडणार नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, एवढंच मागणं आहे: फाइलचं फाइलपाशी राहू द्या.

त्या सकाळची पहिली चिठ्ठी मेट्रनबाईंनी उभ्या उभ्याच वाचली; नव्या रकान्यात होतं, 'पेनिसिलिन नको.' मग समोरच्या औषधांच्या ट्रेमधली एक गोळी उचलून त्यांनी बाजूला ठेवली.