फांगसाहेबांचं भांडण

चिआयी शहरातल्या इस्पितळात तातडीच्या विभागातली परिचारिका यून-जेन हिला एका रुग्णाच्या भावानं थोबाडीत मारली, त्याला महिना झाला होता. गाल बरा झाला. पण कुणी आवाज चढवला की तिच्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून मुख्य परिचारिका ल्याओताईंनी सगळ्यांचा सराव ठेवला. रागावलेल्या माणसासमोर एकटीनं जायचं नाही, त्याची वाट अडवायची नाही, आवाज खाली ठेवायचा आणि टेबलाखालचं धोक्याचं बटण पायानं दाबायचं.

सरावात संतापलेला नातेवाईक झाले औषधांच्या खिडकीवरचे फांगसाहेब. जन्मात कुणाला 'अरे' म्हटलेलं नाही!

"माफ करा हं, माझ्या वडिलांना कधी तपासणार?"

"अहो, भांडताय की सोयरीक जुळवताय?" ल्याओताई म्हणाल्या. सगळे खो खो हसले.

फांगसाहेबांना ते लागलं. बाह्या सरसावून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "माणसं आहात की दगड? कधीचा थांबलोय!"

सराव आहे हे ठाऊक असूनही यून-जेन थिजली.

तेवढ्यात बाकावरच्या शिऊ-क्वेई मावशी लंगडत उठल्या. पाय मुरगळला म्हणून आलेल्या या पेरूवाल्या मावशींनी सरावाची सूचना वाचलीच नव्हती.

"मेल्या, पोरीवर ओरडतोस?" त्यांनी छत्री हाणली.

"अहो, मी औषधवाला!" फांगसाहेब कळवळले.

"मग घे औषध!" दुसरा फटका बसला.

यून-जेनचा पाय आपसूक बटणावर गेला. ती टेबलामागून बाहेर आली, ल्याओताई पाठोपाठ आल्या. चार हात लांब, जराशी बाजूला उभी राहून ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, माझ्यासाठी उठलात ना? मी बरी आहे. तुमचा पाय दुखत असेल. छत्री खाली ठेवा, बसून बोलू."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. छत्री खाली आली.

रखवालदार धापा टाकत पोचला, तेव्हा यून-जेन मावशींच्या पायाला बर्फ लावत होती. "अगंबाई, नाटक होतं होय?" मावशी पुटपुटल्या. आपला आवाज फुटला, हे यून-जेनला तेव्हा कुठं उमगलं आणि तिला हसू आवरेना.

यापुढे सरावाआधी सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं, असं ठरलं. खांदा चोळत फांगसाहेबांनी भूमिका सोडली, म्हणून ल्याओताईंनी मावशींनाच गळ घातली.

"खोटं भांडायचं?" मावशी म्हणाल्या. "जमेल की! बाजारात खरं भांडून सवय आहे."

पुढच्या सरावाला त्या दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. त्यांनी असा काही गदारोळ केला, की नव्या परिचारिका एकमेकींना बिलगल्या. "घाबरू नका," यून-जेन हसत पुढे झाली, "चला, जोडीनं या माझ्याबरोबर."