विहिरीपासून तिसरी वलांडी

२०२३ साली, नारळी पुनवेच्या आठवडाभर आधी, कोळगावच्या जिल्हा कार्यालयातून नोटीस आली: तारापूरजवळच्या आमच्या किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बायांनी आपापली जागा महिन्याच्या आत लिहून द्यावी. अर्ज नाही, तर जागा नाही.

कागद कोणाकडेच नव्हता. आमच्यात पुनवेला बाया जमतात, जुनी बाई जागा मोठ्याने सांगते आणि चारचौघींत बोललेलं मोडत नाही. ती जुनी बाई मीच. काशीबाईची वलांडी, म्हणजे बोंबील टांगायचे बांबू, विहिरीपासून तिसरी. नवरा गेलेल्या, मूलबाळ नसलेल्या त्या बाईला तेवढाच आधार होता.

माझी नात रिद्धी बोईसरला कॉम्प्युटर शिकत होती. म्हणाली, "आजी, ब्लॉकचेनवर टाकू. एकच वही हजार ठिकाणी. कोणी खोडू शकत नाय." दोन दिवस ती लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करत बसली. त्यात चित्र नाही, बटण नाही.

पुनवेला मी सांगत गेले, ती टाइप करून मोठ्याने वाचत गेली.

"काशीबाई, विहिरीपासून तिसरी."

"माजं नाव?" काशीबाई हसली. "एवड्या मोट्यानं नवऱ्यानं पण कदी घेतलं नाय गो!"

"पण हे टेस्ट नेटवर्क हाय," रिद्धी म्हणाली. "सरावाचं. कदीपण बंद करतात. अर्ज द्यायलाच लागंल."

"चारचौघींत बोललेला सराव कसा गो?" मी तिला गप्प केलं. "बायांनो, कोळगावला जायची गरज नाय."

बायांनी माझं ऐकलं. माझं कधीच न ऐकणारी स्नेहल तेवढी अर्ज द्यायला गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मोजणीवाले आले. रिद्धीने लॅपटॉप उघडला. ते नेटवर्क केव्हाच बंद पडलं होतं. पडद्यावर तीच ओळ पुन्हा पुन्हा, जोडणी होत नाही.

"शालूबाय, तू सांग की यांना," काशीबाई म्हणाली. "तुला समदं पाठ हाय."

मी सांगितलं. पहिली, दुसरी, तिसरी. मोजणीवाल्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि टेप गुंडाळली.

आता तिथे कुंपण आहे. स्नेहलची तेवढी वलांडी उभी आहे. तिच्या एका टोकाला ती मला बोंबील टांगू देते, एकही टोमणा मारत नाही, तेच जास्त लागतं. रिद्धी पुण्याला नोकरी करते. घरी आली की लॅपटॉप उघडत नाही. काशीबाई बोईसरच्या एका कँटीनमध्ये भांडी घासायला लागली आणि गेल्या पावसाळ्यात तिथेच आजारी पडून गेली.

पुनवेला बाया अजून जमतात. मला कोणी बोलायला सांगत नाही.